मुक्कामी गाडी बंद झाली. गावाकडच्या फेऱ्या टिकवायच्या कशा?

पाटचारी | १४ जुलै, रात्री ९:५०

राम राम मंडळी.

आमचं गाव तापीकाठी, तालुक्यापासून १४ किलोमीटर. मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्याकडे एसटीची मुक्कामी गाडी होती. रात्री सव्वाआठला यायची, मारुतीच्या पारासमोर उभी राहायची आणि सकाळी सव्वासहाला निघायची. चालकाने इंजिन सुरू केलं की त्या घरघरीवर गाव जागं व्हायचं. आजीला घड्याळ कळत नव्हतं, पण गाडी सुरू झाली की ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

मागच्या पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशीवरून पाणी गेलं म्हणून गाडी थांबवली. पाणी उतरलं, फरशी दुरुस्त झाली, गाडी मात्र परत आली नाही. आता पहिली गाडी साडेनऊला येते. कॉलेजची प्रॅक्टिकल साडेसातला असतात. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतून १९ मुलं-मुली कॉलेजला जायची, त्यांतल्या चार मुलींनी जाणं सोडलं. एकीचं तर या आखाजीला लग्न ठरलं.

आगारात दोनदा जाऊन आलो. साहेब नीट बोलले. भारमान, म्हणजे सीटांच्या मानाने प्रवासी, बसत नाही आणि हातात गाड्याच नाहीत, असं म्हणाले. वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या गाड्याही त्यांनी दाखवल्या.

इथे कोणी बंद पडलेली फेरी परत सुरू करून घेतली आहे का? काय केलं, कोणाला भेटलात, अर्जात काय लिहिलं? सरकारी चांगलं की खासगी, या वादात मला पडायचं नाही. मला सकाळची गाडी हवी आहे.

---

भरीतभाकर | १४ जुलै, रात्री १०:१५

जिभाऊ, आमनाकडे बी तेच शे. सकायनी गाडी बंद व्हयनी नि आते पोरे सायकलवर जातस. आठ किलोमीटर. पावसात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरतो, मग सायकल खांद्यावर घेऊन चालायचं.

---

अनेरपार | १४ जुलै, रात्री १०:४०

आमदारांना भेटा. बाकी कशाने काही होत नाही.

---

जुना_वाहक | १५ जुलै, सकाळी ६:२०

पाटचारी भाऊ, ३१ वर्षं वाहक म्हणून काढली, त्यातली निम्मी तरी मुक्कामीवर. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी एक समजून घ्या. गाडी एकट्या तुमच्या फेरीसाठी नसते, तिचं दिवसभराचं शेड्यूल असतं. सकाळी तुमच्या गावाहून निघालेली गाडी तालुक्याला येते, तीच पुढे जिल्ह्याला जाते, दुपारी दुसऱ्या खेड्याला आणि संध्याकाळी परत तुमच्याकडे. ती एक गाडी वर्कशॉपमध्ये अडकली की चार गावांच्या सात-आठ फेऱ्या जातात. फेऱ्या कमी करायची वेळ आली की लांब पल्ल्याच्या गाडीला हात लागत नाही, कारण तिचं उत्पन्न रोज कागदावर दिसतं. खेड्याची फेरी रद्द झाली तर ओरडायला येणारी माणसं १४ किलोमीटर लांब असतात.

पण मुक्कामीचा हिशेब वेगळा आहे आणि तो अर्जात लिहा. संध्याकाळी बाजारहाट, कोर्टकचेरी आटोपून माणसं घरी जातात, म्हणून जाताना गाडी भरलेली. सकाळी शाळा-कॉलेज, दवाखाना, दूधवाले, म्हणून येतानाही भरलेली. हीच सकाळची फेरी मुक्कामाशिवाय द्यायची तर पहाटे पाचला आगारातून रिकामी गाडी पाठवावी लागते. मुक्कामी गाडीत तो डिझेलचा खर्च वाचतो.

मग ती बंद का होते? माणसांमुळे. मुक्कामाला गेलेल्या चालक-वाहकाला गावात जागा नसते. मी स्वतः कित्येक रात्री शेवटच्या लांब सीटवर काढल्या आहेत. कॅशची बॅग उशाला, डासांमुळे खिडक्या बंद, वैशाखात अंगाची लाही. शौचाला नदीकडे. पावसाळ्यात एकदा पायरीवर साप बसला होता. आता वाहक म्हणून बायका आहेत, त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं की गाडीतच झोपा?

माझ्या यादीत एक गाव होतं. तिथे विठ्ठल मंदिराची खोली आम्हाला दिलेली. दोन बाजा, मच्छरदाणी, माठ. एक आजी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून ठेवायची, कधी पैसे घेतले नाहीत. त्या गावाची ड्युटी आम्ही मागून घ्यायचो. त्या गावची गाडी माझ्या नोकरीत कधी बंद पडली नाही.

---

पाटचारी | १५ जुलै, सकाळी ७:०५

काका, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ते गाडीतच झोपायचे. गावाने कधी विचारलंसुद्धा नाही. वाईट वाटलं वाचून.

---

काळीपिवळी_१८ | १५ जुलै, दुपारी १:३०

मी काळीपिवळी चालवतो, तेरा वर्षं झाली. आमच्यामुळे गाडी बंद पडली असं गावोगाव ऐकतो, म्हणून आमची बाजू सांगतो.

आमचं गणित सीट भरण्यावर आहे. गाडी भरली तरच हप्ता, विमा, पासिंग निघतं. म्हणून आम्ही वेळेवर निघत नाही, भरल्यावर निघतो. जास्त माणसं बसवतो हेही खरं आहे, ते चूकच आहे. पण सकाळी सहाला खेड्यात गाडी लावून कॉलेजची पोरं न्यायची तर ती रोज पाच-सहाच असतात आणि त्यांच्याकडे जेमतेम पैसे असतात.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं, माझी बायकोही त्याच तिकिटावर माहेरी जाते. पण तेव्हापासून दिवसा आमची सीटं भरत नाहीत. बायका एसटीची वाट बघत थांबतात. आमच्या स्टँडवर ११ गाड्या होत्या, आता पाच आहेत. त्यामुळे ज्या गावांत एसटी येत नाही तिथे आता आम्हीही जात नाही. ही गोष्ट कोणी बोलत नाही. सवलत आहे पण गाडी नाही, अशी गावं दोन्हीकडून सुटली.

---

गिरणाकाठ | १५ जुलै, दुपारी ३:१०

काळीपिवळी भाऊंनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. मी थोडा हिशेब मांडतो.

जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्के वाढलं. साध्या गाडीचा ६ किलोमीटरचा एक टप्पा १० रुपयांच्या थोडा वर गेला. १४ किलोमीटर म्हणजे तीन टप्पे, तीस-एकतीस रुपये. बायकांना त्याच्या निम्मे, पंचाहत्तरीच्या वर कोणी असेल तर ऑगस्ट २०२२ पासून फुकट. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. गाडी लिटरला चार-साडेचार किलोमीटर धरली तर एका बाजूला तीन-साडेतीन लिटर डिझेल, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत-बाहेर. दहा पूर्ण तिकिटांत डिझेल निघतं. पगार, टायर, दुरुस्ती आणि वर साडेसतरा टक्के प्रवासी कर, हे काही एका खेड्याच्या फेरीत निघणार नाही.

पण तुमच्या गावातला माणूस तालुक्याला उतरून कुठे जातो? धुळ्याला, नाशिकला, सुरतेला. ते तिकीट लांब पल्ल्याच्या गाडीच्या नावावर चढतं. सकाळची फेरी गेली की तो मोटारसायकलवर रेल्वे स्टेशन गाठतो आणि ते तिकीटही जातं. फेरीचं उत्पन्न फेरीपुरतं मोजणं मला पटत नाही.

कायद्यातच एक ओढाताण आहे. १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात कलम २२ आहे : महामंडळाने व्यावसायिक तत्त्वावर काम करायचं. आणि आपण लहानपणापासून ऐकलं ते 'गाव तेथे एसटी'. आगारातला साहेब या दोन्हींच्या मधे उभा असतो.

---

तोलकाटा | १५ जुलै, सायंकाळी ५:००

मग खेड्याचे मार्ग खासगीला मोकळे करा. मोटार वाहन कायद्याखाली टप्पा वाहतूक, म्हणजे थांब्याथांब्यावर तिकीट देऊन माणसं नेणं, महामंडळासाठी राखून ठेवली आहे. ना स्वतः गाडी देणार, ना दुसऱ्याला परवाना.

---

सातपुडी | १५ जुलै, रात्री ८:४५

तोलकाटा दादा, मी सातपुड्यात धडगावकडे नोकरी करते. इथे या आणि बघा. आमच्याकडे प्रत्यक्षात खासगीच आहे. जीप बाजाराच्या दिवशी टपावरही माणसं घेऊन धावते आणि दुसऱ्या दिवशी दिसत नाही. मोकळं केलं तर बाजाराचा दिवस आणि होळीचा आठवडा सगळ्यांना हवा असेल. श्रावणातला मंगळवार कोणाला हवा असेल?

आमची अडचण तुमच्याहून निराळी आहे. पाडा एका टेकडीवर, रस्ता दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याला. गाडीपर्यंत यायलाच तास-दीड तास चालावं लागतं. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड आली की तळोद्याकडचा रस्ता बंद, मग फार मोठा वळसा. अशा वळणांवर लांब गाडी एका दमात वळत नाही, मागे-पुढे करावी लागते, आणि कडेची माती ओली असते. आमच्या चालकांचे हात मी रोज बघते. आखूड, दमदार इंजिनाच्या गाड्या हव्यात, पण मिळतात त्या मैदानावर चालून दमलेल्या.

मागच्या उन्हाळ्यातलं सांगते. एक म्हातारी बाई आमचूरचं पोतं घेऊन रस्त्याला बसली होती. पहाटे निघाली होती घरून. पोत्यावर हात ठेवून, पदर डोक्यावर, अजिबात हलत नव्हती. गाडी साडेआठची. मी साडेअकराला परत आले तेव्हाही ती तिथेच. गाडी रद्द झाली हे तिला सांगायला तिथे कोणी नव्हतं, तिच्याकडे फोन नव्हता. शेवटी जीपवाल्याला तिने आमचूर तिथेच, तो सांगेल त्या भावात दिलं. महिनाभर आंब्याच्या फोडी वाळवल्या होत्या तिने.

फेरी रद्द करावी लागते हे मला समजतं. पण थांब्याजवळच्या गावात एकाला फोन करून 'आज येत नाही' एवढं सांगता येणार नाही का?

---

तोलकाटा | १५ जुलै, रात्री ९:१५

ताई, हे वाचल्यावर माझं म्हणणं जरा मागे घेतो. मी मैदानातल्या मार्गांचा विचार करत होतो.

---

कानबाई_भक्त | १५ जुलै, रात्री ९:४०

जुन्या गाडीची आठवण निघाली म्हणून सांगतो. मी जळगावला शिकायला होतो तेव्हा माझा डबा मुक्कामी गाडीने यायचा. माय पहाटे उठून करायची. पितळी डबा, त्यावर कापडाची गाठ, गाठीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर माझं नाव. चालकाच्या बाजूला बोनेटवर अशा डब्यांची ओळ असायची. इंजिनाच्या उबेने भाजी गरम राहायची. वाहकाने डब्याचे पैसे कधी मागितले नाहीत. शेवभाजीचा रस्सा एकदा सांडला आणि पूर्ण गाडीला वास लागला, तेव्हा वाहक म्हणाले, "तुझ्या मायला सांग, आज सगळ्यांना भूक लागली."

ती गाडी नसती तर मी दोन महिन्यांत घरी परतलो असतो. खाणावळ परवडण्यासारखी नव्हती.

---

पीजेवाला | १६ जुलै, सकाळी ८:००

पाचोरा-जामनेरची आमची पीजे आठवली. ५६ किलोमीटरची छोटी रेल्वे, २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. दूधवाले, भाजीवाल्या, शाळेची पोरं त्यात जायची. तो सगळा भार रस्त्यावर आला, पण त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत. एक साधन गेलं की दुसऱ्यावर किती ओझं पडतं ते आम्ही बघतो आहोत.

---

अनेरपार | १६ जुलै, सकाळी ९:३०

आषाढी आली की आमच्या दोन फेऱ्या दहा दिवस गायब. गाड्या पंढरपूरला.

---

कानबाई_भक्त | १६ जुलै, सकाळी १०:१०

अहो, मग पंढरीला गाड्या जाऊ नयेत का? माझी आत्या त्याच गाडीने जाते. वर्षातून एकदा.

---

अनेरपार | १६ जुलै, सकाळी १०:३०

जाव्यात की. माझे वडीलही जातात. पण शाळेच्या वेळेच्या फेरीला हात लावू नका, दुपारची काढा. आणि आधी फळ्यावर लिहा. हीच गत लग्नसराईत आणि निवडणुकीत. दहा दिवस गाडी आली नाही की माणूस दुसरी सोय लावतो, आणि एकदा सोय लागली की तो परत येत नाही. मग भारमान कमी म्हणून फेरीच बंद. माणसांनी गाडी सोडली असं म्हणतात. आमच्याकडे आधी गाडी अनियमित झाली, माणसं नंतर गेली.

---

शेवटचं_सीट | १६ जुलै, रात्री ११:२०

मी इथे पहिल्यांदा लिहितेय. पाटचारी दादांचं गाव कोणतं ते माहीत नाही, पण मी तशाच गावातली. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे.

बारावीपर्यंत आमच्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी गाडी यायची. मुलींसाठी, फुकट. बारावी झाली आणि त्या गाडीत बसायचा हक्क संपला. गाडी अजूनही येते, माझी धाकटी बहीण जाते त्यात. पण ती साडेनऊची.

मी आता दुधाच्या गाडीने जाते. पहाटे ५:४० ला. पुढे काका, मागे कॅन. मी कॅनच्या मधे एका उलट्या क्रेटवर बसते. गाडीवाले काका चांगले आहेत, माझ्या पप्पांच्या वयाचे. पण गावात बोलतात. आईने मला काही सांगितलं नाही, फक्त परवापासून ती डेअरीपर्यंत सोबत येते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते. अंगाला दुधाचा वास येतो म्हणून मी कॉलेजच्या नळावर ओढणी धुते आणि ओलीच घेते.

मला एकदाच विचारायचं होतं. जुना_वाहक काका, पासवाल्या मुली गाडीत असल्या तर त्या भारमानात धरतात का? कारण आमची सकाळची गाडी भरलेली असायची, मी उभी राहून जायचे, आणि तरी ती 'रिकामी' म्हणून बंद झाली.

---

जुना_वाहक | १७ जुलै, सकाळी ५:५५

बेटा, तू फार महत्त्वाचं विचारलंस.

पासवाल्यांना तिकीट फाडलं जात नाही. पंचाहत्तरीच्या आजोबांना मशीनमधून शून्याचं तिकीट निघतं, त्यांची नोंद होते. पासवाल्यांची नोंद वाहकाने आठवणीने करायची असते. गर्दीत, उभ्या माणसांतून वाट काढत, पुढचा थांबा यायच्या आत तिकिटं पुरी करायची घाई असते. माझ्याकडूनही ती नोंद कितीदा राहिली आहे. तेव्हा वाटायचं, पासच तर आहे, पैसे कुठे घ्यायचे आहेत. आज तुझं वाचून मन खाली गेलं. माझ्या अशा राहिलेल्या नोंदींमुळे एखादी गाडी कागदावर रिकामी दिसली असेल.

पाटचारी भाऊ, तुमचा अर्ज इथूनच सुरू करा. मोजणी करा.

---

पाटचारी | २७ जुलै, रात्री १०:०५

दहा दिवस गायब होतो, कामात होतो. सगळं सांगतो.

शेवटचं_सीट ताईचं लिहिणं मी पारावर सगळ्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तिन्ही गावांत आम्ही वही घेऊन बसलो. सकाळी पाच ते आठ, सहा दिवस. कोण, कुठे, कशाने गेलं. मोटारसायकलवर तिघं बसून गेलेले, दुधाच्या गाडीतले, ट्रॅक्टरवरचे, पायी फाट्यापर्यंत गेलेले. बाजाराच्या दिवशी ५७, एरवी कधी ३१, कधी ३८. यात बायका आणि मुली निम्म्याहून जास्त. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाणारे एक आबा आहेत, त्यांच्या मुलाचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

तिन्ही ग्रामपंचायतींचे ठराव घेतले. कॉलेजचं वेळापत्रक प्राचार्यांच्या सहीने जोडलं. जुन्या चावडीची खोली झाडून पांढरी केली, दोन बाजा, मच्छरदाण्या, पंखा. शेजारी शाळेचं स्वच्छतागृह आहे, त्याची एक चावी चालक-वाहकांकडे राहील, असा ठरावच केला. जेवणाचं घरटी वाटून घेतलं आहे. माझ्या आईने गुरुवार मागून घेतला.

कागद घेऊन निघणार तेवढ्यात जुना_वाहक काकांचा निरोप आला. त्यांनी अर्जातलं एक वाक्य बदलायला लावलं, तेच कामाला आलं. काका, तुम्हीच सांगा.

---

जुना_वाहक | २७ जुलै, रात्री १०:३०

विशेष काही नाही. यांच्या अलीकडे पाच किलोमीटरवरच्या गावाला संध्याकाळची एक गाडी जाते आणि रिकामी आगारात परतते. मी म्हटलं, 'नवीन मुक्कामी गाडी द्या' असं लिहू नका, त्याला जादा गाडी लागते. 'सायंकाळची फेरी पाच किलोमीटर पुढे वाढवून मुक्कामी करावी' असं लिहा. परतीचे रिकामे किलोमीटर वाचतात. साहेबालाही वर कागद पाठवायला सोपं जातं. अर्जाची एक प्रत विभाग नियंत्रकांना द्या आणि पोच घ्या.

---

गिरणाकाठ | २७ जुलै, रात्री १०:४५

वा काका. माझ्या सगळ्या कलमांपेक्षा हे एक वाक्य भारी.

---

पाटचारी | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

आज आगारातून दोघं रस्ता बघायला आले होते. एक महिना चालवून बघू म्हणाले. दोन अडचणी काढल्या. नाल्याच्या पुढे दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ रस्त्यावर आली आहे, फांद्या काचांना लागतील. आणि पारासमोर पाण्याच्या पाइपलाइनचा चर नीट बुजलेला नाही, गाडी वळवताना मागचं चाक फसेल. हे झालं की कळवा, म्हणाले.

रविवारी सकाळी करायचं ठरवलं आहे. कुऱ्हाडी, कोयते आहेत. चर बुजवायला मुरूम लागेल.

---

काळीपिवळी_१८ | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

ठिकाण मला खासगीत कळवा. माझ्या भावाचं ट्रॅक्टर आहे, दोन ट्रॉल्या मुरूम आणतो.

---

पाटचारी | ४ ऑगस्ट, रात्री ९:५५

भाऊ, गाडी सुरू झाली तर तुमच्याच सीटा कमी होतील.

---

काळीपिवळी_१८ | ४ ऑगस्ट, रात्री १०:०२

सकाळी सहाला मी तसाही येत नाही. माझीही पोरगी दहावीला आहे. किती वाजता येऊ?

---

पाटचारी | ४ ऑगस्ट, रात्री १०:०४

साडेसहाला. चहा पारावर.